भावोजींचा लाभांश

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, लोटे औद्योगिक वसाहतीतल्या केमिकल कंपनीतून निवृत्त होऊन रत्नागिरीत राहायला आले. मिळालेली सगळी रक्कम केमिकलच्याच शेअरांत घालायची म्हणत होते. मी म्युच्युअल फंडाची कामं करतो, म्हणून मला विचारलं.

म्हटलं, "भावोजी, एकाच धंद्यावर विसंबू नका. बँका, औषधं, वीज, सगळीकडे थोडे थोडे पैसे लावणारा आणि लाभांश देणारा फंड घ्या."

घेतला. आणि मी थकलो. लाभांश जमा झाला की यांचा फोन.

"अरे मेल्या, पैसे आले, पण फंडाची किंमत उतरली!"

"भावोजी, लाभांश त्यातूनच देतात."

"म्हणजे माझेच पैसे मला?"

दर वेळी हेच. मग बाजार पडला, लाभांश आलाच नाही. यांचा फोनही आला नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटली आणि मी घरी गेलो.

ताई म्हणाली, "मिरकरवाड्याला गेलेत. बर्फाच्या कारखान्यात गेटवर बसतात हल्ली."

तिथे गेलो, तर हे कानटोपी घालून खुर्चीत बसलेले.

"या वयात हे कशाला, भावोजी? त्यापेक्षा फंड विकून टाकू."

"नको रे. इथला पगार एक तारखेला मिळतो. त्यात आमचं दोघांचं भागतं."

"मग फंड कशाला ठेवायचा?"

"तुझ्या ताईसाठी. मी गेल्यावर ती काय इथे येऊन बसणार?"