किसनची वाढायची पाळी

मंडळी, नमस्कार. बोलणं अवघड जातंय. रडू येतंय म्हणून नव्हे, राग आलाय म्हणून. तेवढा सोसा. हे कॉलेज मी अर्ध्यावर सोडलं. आज परत पाय ठेवला तो फक्त आपले गणिताचे सर गेले म्हणून.

संस्थेचे अध्यक्ष आत्ताच म्हणाले, "सर म्हणजे आमच्या वसतिगृहाचा प्राण." व्हय? मग त्यांचं रेक्टरपद काढलं कुणी?

ऐका. वसतिगृहाच्या मेसमधल्या, आम्हा मुलांच्या कामाच्या पाळ्यांचा तक्ता मी करायचो. सर तेव्हा वर्गात परम्युटेशन ग्रुप शिकवत होते. म्हणजे जागांची अदलाबदल. कुठल्याही जागेवरून कुठल्याही जागी पोचता आलं, तर तो ग्रुप ट्रान्झिटिव्ह. मी ऐटीत म्हणालो, "सर, माझा तक्ता ट्रान्झिटिव्ह आहे. दर सोमवारी झाडून सगळे हलतात!"

सर कोरेगावकडचे. म्हणाले, "हलणं येगळं, पोचणं येगळं. किसनच्या नावावर बोट ठेव आन् फिरीव."

किसन माझा वर्गमित्र, बौद्ध घरातला. बोट फिरलं. खरकटं, अंगण, लाकडं. परत खरकटं. आम्ही बाकीचे? वाढायला भात, आमटी, ताक. परत भात. दोन चक्रं, एकमेकांना न शिवणारी. आणि तो तक्ता माझ्या हातचा होता, मंडळी. माझ्या!

सरांनी दोन्ही चक्रं जोडून नवा तक्ता लावला. किसनला वाढायची पाळी आली. तुम्ही संस्थावाल्यांनी आठवड्याच्या आत तो तक्ता फाडलात आणि सरांना रेक्टरपदावरून काढलंत. त्यानंतर सर त्या मेसमध्ये एक घास जेवले नाहीत. कुणी विचारलं का त्यांना? एकानं तरी?

माझं म्हणाल, तर मी कॉलेज सोडलं एका मुलीपायी. तासगावच्या बड्या बागायतदाराची लेक. अजून तिच्या दारावरनं सायकल फिरवतो. सर हसले होते, "गड्या, लय फिरतोस रं. पर तुझ्या चक्रात ती न्हाईच." लागलं मला. पण सर खोटं बोलत नसत. तुम्ही बोलता.

आता सभेनंतर चहा आहे. तो किसन देणार. मी त्याला विचारलंय. म्हणाला, "मी देतो. तू निस्ता आरडू नगंस."

तेव्हा आरडत नाही. एवढंच सांगतो. ज्यांना त्याच्या हातचा चहा चालेल, त्यांनीच सरांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. बाकीच्यांनी बसून राहावं. सरांना खोटी शांतता नको.

अध्यक्षसाहेब, तुमच्यापासून सुरू करू.