घोगरी घंटा

घड्याळाच्या मनोऱ्यावर चढायच्या रांगेत गल्लीतल्या चौकस शिंपीणबाईंच्या पुढेच एक आजी-आजोबा उभे होते, आणि बाईंचे कान अर्थातच तिकडे. तेवढ्यात वर दहाचे टोले पडले.

“अहो, किती घोगरी घंटा! घशाच्या ऑपरेशनपासून माझा आवाज झालाय ना, अगदी तश्शी.”

“तडा गेलाय तिला. बसवली त्याच वर्षी.”

“मग बदलली नाही?”

“छे! टोला तड्यावर पडू नये म्हणून जराशी फिरवली, हातोडा हलका केला. शंभर वर्षं तशीच वाजतेय.”

“लोक हसत नाहीत?”

“हसतात कुठले! रांग बघ की.”

“तुमचं आपलं काहीतरीच.”

“थांब, नातीचा फोन. नेहमीसारखं सांगू, आजी झोपलीय म्हणून?”

“सकाळी दहाला? द्या इकडे! हॅलो... कोण म्हणजे? अगं, तुझी आजी वाजतेय!”