सगुणाबाईच्या परसातला भोपळा

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले, घोटभर पाणी घ्या. आता काही वेळ नुसतं ऐकायचं आहे.

एक सवाल विचारतो. घरातली वस्तू नाहीशी झाली की आपण पहिलं काय शोधतो? चोर! शेजाऱ्याकडे बघतो, बोळात बघतो, रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाच्या पिशवीकडेसुद्धा बघतो. पण चोराच्या आधी आणखी काही शोधायचं असतं का? असतं! काय ते आत्ता सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही उठून घरी जाल — आणि आमचे मृदंगवाले तर मघापासून दाराकडेच बघतायत.

तर ऐका. एका गावात सगुणाबाई नावाची बाई होती. गावाचं नाव घेत नाही, तिचे पाहुणे इथं बसलेले असायचे! नवरा दौलत, साधा माणूस, दूध घालायला सकाळीच डेअरीवर जायचा तो दुपारी उगवायचा. सासू बयाबाई, सगळं गाव तिला बयाआत्या म्हणायचं. म्हातारीला धड दिसत नव्हतं, पण पाय अजून चालते. आणि सगुणा? मंडळी, कामाला वाघीण! एक वस्तू वाया जायची नाही तिच्या हातून. भाताचं पाणी वासराला, चुलीतली राख झाडाला, न्हाणीचं पाणी परसाला.

न्हाणीच्या मागं चार अंथरुणं पसरावीत एवढीशी जागा होती तिची. तेवढ्यात तिनं भोपळा लावला. लाल भोपळा! तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जागेत भोपळा? वेल तर गाव हिंडून येतो! अहो, तिथंच तर तिची अक्कल होती. दुसरी बाई असती तर सगळी जमीन खणत बसली असती. हिनं तीनच आळी केली. खड्डा खणला, जुनं कुजलेलं शेणखत भरलं, राख मिसळली, आळं जरा उंच ठेवलं म्हणजे पाणी तुंबून मुळं सडायला नकोत. बी कोमट पाण्यात भिजवलं, ओल्या फडक्यात बांधलं, फुगलं तसं टोक खाली करून टोकलं. मावश्यांनो, वह्या काढू नका, ऐकून लक्षात राहतं!

एकेका आळ्यात चार-पाच बिया. रोपं वर आली तशी जोमदार तेवढी दोन ठेवली, बाकीची कात्रीनं कापली. उपटली नाहीत हं! उपटलं तर शेजारचं मूळ हलतं. वेल लांबला तसा कुंपणाकडं वळवला, मधल्या मोकळ्या मातीत मेथी टाकली. पहाटे उठून नराचं फूल तोडायची आणि मादीच्या फुलाला हलकेच लावायची, मधमाशीची वाट कोण बघणार! फळ धरलं की त्याच्या बुडाशी वाळलं गवत. चार फळं धरली की शेंडा खुडायचा, आणि त्या शेंड्याचीही भाजी.

असा वेल आला म्हणता! येणारा-जाणारा कुंपणापाशी थांबायचा. सगुणाला बरं वाटायचं. का वाटू नये? घाम तिचा होता.

आता एकदा काय झालं, पहिलं फळ पिकायला आलं तेव्हा बयाआत्या ओसरीवरून म्हणाली की पहिलं फळ देवळात द्यावं, तिच्या सासूच्या वेळेपासून तसं चालत आलंय. सगुणा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "देवाला काय भोपळे कमी पडलेत? बसा गप."

बसा गप! एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. आपल्या घरात दिवसातून किती वेळा म्हणतो आपण हे? म्हातारी गप बसली. आणि चार दिवसांनी ते फळ नाहीसं झालं.

सगुणा वेलापाशी उभी राहिली. देठ नीट कापलेला. जनावर नव्हे — माणूस! तिची नजर कुंपणापलीकडे गेली. पलीकडे घर होतं कोंडाबाईचं. दोघींचं वाकडं जुनं होतं, कुंपणाच्या एका बांबूवरून पडलेलं. सगुणानं ठरवूनच टाकलं. पुरावा? कशाला पाहिजे पुरावा! आपल्याला जो आवडत नाही, तोच चोर. पाणवठ्यावर बायकांत बोलली, नाव न घेता पण सगळ्यांना कळेल असं. कोंडाबाईच्याही कानावर गेलं. ती काही बोलली नाही. सगुणाला वाटलं, बघा, बोलत नाही म्हणजे हिनंच नेला!

मग दुसरं फळ गेलं.

त्या दिवशी सगुणा जेवली नाही. दौलत म्हणाला, दोन भोपळे गेले तर जाऊ देत, वेलाला आणखी येतील. ती त्याच्यावर चवताळली. तिच्या डोक्यात आता भोपळा नव्हताच, मंडळी. कोंडाबाई होती. कोंडाबाईची चूल, कोंडाबाईची कढई, आणि त्यात शिजणारं आपलं फळ. उठता-बसता तेच.

वेलावर पिकलेलं असं आता एकच मोठं फळ राहिलं होतं. घागरीएवढं, पिवळंजर्द. तिन्हीसांजेला, घराघरात दिवा लावायच्या वेळेला, सगुणा गोठ्यात गेली आणि फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन परसात आली. तिनं त्या फळाचं काय केलं, कसं केलं, ते मी सांगणार नाही. ते सांगायची ही जागा नाही. एवढंच सांगतो, त्या फळाच्या पोटात विष गेलं.

मनात काय म्हणत होती माहितीये? मरावं असं नव्हतं तिच्या मनात. पोट धरून लोळेल, चार लोकांत उघडी पडेल, मग कळेल. एवढंच! माणूस स्वतःला असंच समजावतो. विष हातात घेतलेल्या माणसालासुद्धा वाटत असतं की आपण थोडंच करतोय.

आणि हे तिनं कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही. घरातलं कुणी त्या फळाला हात लावेल हा विचारच तिला शिवला नाही. चोर बाहेरचाच असतो ना!

दुसऱ्या दिवशी ग्रामदैवताचा उत्सव होता. गावजेवण. सगुणा धारा काढून परसात आली. फळ नव्हतं.

खरं सांगू? तिला आनंद झाला! कुंपणाला कान लावून उभी राहिली. पलीकडे सामसूम होती, कोंडाबाईच्या दाराला कडी. असेल कुठं तरी, म्हणून हिनं नवं लुगडं नेसलं, केसात फूल माळलं आणि देवळात जेवायला गेली.

देवळाच्या मागं चुली पेटलेल्या. नैवेद्य होऊन गेला होता. अंगणात पहिली पंगत पोरांची. पत्रावळींवर भात, वरण, भाजी वाढून झालेली, पोरं हात जोडून, डोळे मिटून जेवणाआधीचा श्लोक म्हणत होती. वाढणाऱ्या बायकांत कमरेला पदर खोचून पुढं कोण? कोंडाबाई!

सगुणा थबकली. तेवढ्यात शिवराम आचाऱ्यानं तिला बघितलं. घाम पुसत, हसत म्हणाला, "वहिनी, या वर्षी तुमच्या घरानं राखली हं देवाची रीत! पहिला भोपळा एकादशीला आला, दुसरा पुनवेला, आणि आजचा तर बघतच राहावा असा. आत्याबाई स्वतः पाटीत घालून घेऊन आल्या सकाळी."

मंडळी, जमीन पायाखालून जाते म्हणतात ना? तसं काही झालं नाही. जमीन तिथंच होती. सगुणा तिच्यावर उभी होती आणि तिला पाय हलवता येत नव्हते. तिनं विचारलं, भोपळा कुठाय. आचाऱ्यानं झाऱ्यानं पंगतीकडे दाखवलं. पत्रावळीवर लाल भाजी! प्रत्येक पत्रावळीवर!

आता क्षणभर तिच्या जागी उभे राहा. आत तिचं मन काय सांगत होतं? धडपडल्यासारखं कर, कढई कलंडव, कुणाला कळायचं नाही. पण कढई कलंडून काय होणार? भाजी पानांवर पोचलेली! खोटं काहीतरी सांग — पाल पडली म्हण. पण पाल म्हटलं तर कुणी तरी चिकित्सक पुढं येईल, भांड्यात डोकावेल, काही नाही म्हणेल, आणि तेवढ्यात एखादं पोर घास घेईल. श्लोकाची शेवटची ओळ चालली होती.

सगुणा पंगतीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"कुणी जेवू नका," ती म्हणाली. "भाजीत विष आहे. मी घातलंय."

पोरांनी डोळे उघडले. बायांच्या हातातली भांडी तशीच राहिली. एवढं मोठं अंगण, एवढी माणसं, आणि चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज ऐकू आला! मग एकदम गलका. आया धावल्या, पोरांचे हात धरून ओढून काढले, पत्रावळी लाथाडल्या. एकाही पोराच्या तोंडात घास गेला नव्हता. श्लोकाच्या चार ओळींनी वाचवलं हो! घरी पोरांना श्लोक म्हणायला लावता का? असो, ते मागाहून.

माणसं सगुणावर धावून आली. कुणीतरी तिच्या दंडाला धरलं. तिला काही कळत नव्हतं. ती सारखी विचारत होती, आत्याबाई कुठं आहेत, आत्याबाई कुठं आहेत.

आत्याबाई चुलीमागच्या खोलीत होती. साखरेचा आजार होता तिला, गोळी घेऊन फार वेळ उपाशी राहता यायचं नाही, म्हणून नैवेद्य झाल्या झाल्या कोंडाबाईनंच तिला ताटलीत थोडं वाढून दिलं होतं. भात आणि भोपळ्याची भाजी. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. अंगाला घाम, तोंडाला फेस, ताटली मांडीवर कलंडलेली.

सगुणा दारातच खाली बसली. कोंडाबाई आत आली, तिनं म्हातारीला बघितलं, मग सगुणाला बघितलं.

"तो भोपळा माझ्यासाठी होता ना?" तिनं विचारलं.

"हो," सगुणा म्हणाली.

आता कोंडाबाईनं काय करावं? तुम्ही काय केलं असतं? तिनं म्हातारीला उचलायला माणसं बोलावली, कुणाची तरी जीप आणवली, आणि म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन स्वतः जीपमध्ये बसली. सगुणाला कुणी जीपला हात लावू देईना. कोंडाबाईच म्हणाली, बसू दे तिला, सून आहे ती. सगळी वाट दोघी समोरासमोर बसल्या होत्या, मधे म्हातारी.

म्हातारीनं भाजी थोडी खाल्ली होती, वेळेवर नेली होती, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात ती वाचली. पण सोपं नव्हतं. कित्येक दिवस नळ्या लावून पडली होती. पोलीस आले. सगुणानं सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. पुढे तिच्यावर खटला झाला, शिक्षा झाली, तिनं ती भोगली. ते होणारच होतं आणि व्हायलाच पाहिजे होतं.

पण मी तुम्हाला त्याच्या आधीचं सांगतो. म्हातारीला शुद्ध आली, बोलता यायला लागलं, तेव्हाचं. पोलिसानं सगुणाला घडीभर आत सोडलं. सगुणा पायाशी उभी राहिली, जवळ जायचा धीर होईना. म्हातारीला दिसत नव्हतं, पण पाऊल ओळखलं तिनं.

"सगुणा," ती म्हणाली, "तिन्ही भोपळे मीच नेले गं. तुला विचारणार होते. पण तू नाही म्हणाली असतीस."

इथं सगुणाला किती सोपं होतं म्हणायला, नाही हो आत्याबाई, तुम्ही विचारलं असतं तर दिला असता! आजारी माणसापुढं आपण सगळेच असं बोलतो. सगुणा रडत होती, पण खोटं बोलली नाही.

"हो," ती म्हणाली. "नाहीच म्हणाले असते."

म्हातारीनं हात पुढं केला. सगुणानं तो धरला.

मंडळी, विष त्या फळात तिन्हीसांजेला गेलं, असं तुम्हाला वाटतं? अहो, ज्या घरात एका म्हातारीला स्वतःच्याच परसातलं फळ चोरून न्यावं लागलं, त्या घरात ते कधीचंच गेलं होतं! मघाचा सवाल आठवा. चोराच्या आधी काय शोधायचं? हे शोधायचं की आपल्या घरात मागायची सोय आहे का. कुणाला मागायची भीती वाटते का. आपल्याला बघून कुणी हात मागं घेतं का, शब्द गिळतं का, वस्तू पदराखाली झाकतं का.

हसताय? आता हसू नका. तुमच्या घरी आज कुणी तरी तुम्हाला न सांगता काही तरी करत असेल. बायको माहेरी चार पैसे देत असेल. बाप कुणा गरिबाला धान्य घालत असेल. सून स्वतःसाठी काही घेत असेल. आणि तुम्ही बाहेर चोर शोधत असाल! शेजाऱ्याच्या नावानं बोलत असाल! हातात बाटली नसेल तुमच्या, देव करो आणि नसो. पण ती घ्यायला सगुणाला किती वेळ लागला, ते ऐकलंत ना?

म्हणून आज घरी गेल्यावर दिवे मालवायच्या आधी आपल्या माणसापाशी बसा. विचारा त्याला, तुला माझ्यापाशी काही मागायचं होतं का? आणि मग मधे बोलू नका, हो-नाही करू नका. त्याला उत्तर द्यायला धीर होईल तोवर, मंडळी, आपण गप्प बसा.