माहेरचा हंडा

इंग्लंडातल्या आमच्या एसेक्समध्ये मृत्युपत्रं चर्चच्या कचेरीत मंजूर होतात. रांगेत माझ्यापुढे थॉमसिन उभी होती. तिचा नवरा गेल्या महिन्यात गेला. सोबत थोरला अँब्रोज आणि धाकटी सिबिल.

“आई, बाबांनी लिहिलंय, शेत नि घर माझं. तुला वरची खोली, पलंग, पितळी हंडा आणि चुलीपाशी जागा.”

“हंडा तर माझ्या माहेरचा.”

“लग्न झालं तेव्हाच तो बाबांचा झाला.”

“उपकारच झाले! माझाच मला परत दिला.”

“दिला, पण तू विधवा राहशील तोवरच.”

“हो ना, या गुडघ्यांनी आता नवरीच होणार आहे मी!”

“अगं, तसं लिहायची पद्धत असते.”

“बरं. हंडा नि पलंग मी आत्ताच सिबिलला देते. त्याशिवाय मुलाकडचे लग्नाला उभे राहत नाहीत.”

“नाही चालणार. तू आहेस तोवर त्यातलं काही घराबाहेर न्यायचं नाही, असं लिहिलंय. तू गेलीस की दोन्ही सिबिलचे.”

“म्हणजे पोरीनं माझ्या मरणाची वाट बघायची?”

“तुझ्या काळजीनंच लिहिलं गं बाबांनी.”

“सिबिल, तू तरी बोल काही.”

“मला घाई नाही, आई.”