नानांचा हात

पुढाऱ्यांवर उगाच चिडता तुम्ही; एकदा पक्षाच्या अधिवेशनाला जाऊन या, चिडायचेही कष्ट उरत नाहीत. कॉलेज सोडून मी सावद्यात रिकामा फिरत होतो, म्हणून आमच्या तालुक्याचे पुढारी असलेल्या नानांनी मला प्रतिनिधी केलं. धुळ्याच्या मंडपात माझ्या छातीवर बिल्ला लावून म्हणाले, "शेजारी बस. मत घ्यायची वेळ आली की कोपरानं ढोस. मला डुलकी लागते."

नानांचा हात वर गेला की मागे जळगाव जिल्ह्याचे सगळे हात वर जात. ठराव कुणी ऐकतच नव्हतं.

दुपारी ठराव आला: केळीला वेळेवर वॅगन दिल्याबद्दल सरकारचं अभिनंदन. आमच्या घरची केळी तेव्हा वॅगनची वाट बघत स्टेशनावर सडत होती! हा ठराव मला पाडायचाच होता.

अध्यक्षांनी "अनुकूल?" विचारलं, तेव्हा मी नानांना झोपू दिलं. जिल्हाही गप्प बसला. "विरोधी?" म्हणताच कोपर मारलं. नानांचा हात वर, मागे अख्खा जिल्हा वर!

अध्यक्षांनी आमच्याकडे कौतुकानं पाहिलं. "जळगावकरांचा उत्साह बघा! ठराव एकमतानं मंजूर."

टाळ्या पडल्या. मी उभा राहून ओरडलो, "अहो, आम्ही विरोधात आहोत!"

टाळ्यांनी जागे झालेले नाना माझा सदरा ओढत म्हणाले, "खाली बस रे भो. इतकी वर्षं हात वर करतोय मी, कशासाठी ते कोणी कधी विचारलंय का?"