पोलादी बाही

—नाही नाही दादा, सीलला नावं ठेवू नका, सील नवंच होतं, आणि इंजिनालाही काही झालेलं नाही, तुम्ही आधी बसा. ते स्टूल घ्या—थांबा, पुसते, तेल लागलंय. हं. आता बघा, ही तुमच्या टेंपोच्या इंजिनाच्या पुढची पुली, आणि हा तिचा गळा. ह्या गळ्याभोवती रबराचं सील बसतं, इंजिन चालू असेपर्यंत सीलचा ओठ ह्याला घासत राहतो. रबर मऊ, लोखंड कठीण—आणि चर पडतो कुणाला? लोखंडाला! नख फिरवून बघा—फिरवा ना—लागला? माझी सासू म्हणायची, मऊ बोलणाऱ्यापासून जपून राहावं, कधी झिजवतो कळत नाही. हसा, हसा. तर त्या चरातून तेल बाहेर येतं, मग वरून सीलं बदलून काय उपयोग? म्हणून गळ्यावर ही चढवायची. स्लीव्ह. बाहीच म्हणा, पोलादाची बाही, कागदासारखी पातळ. ही बसली की गळा पुन्हा नव्यासारखा गुळगुळीत.

मागच्या खेपेला बसवली होतीच की, असंच म्हणणार ना? होती. मग महिन्याच्या आत गळायला का लागलं? आता काय आहे दादा, कधीकधी मालच खराब येतो—म्हणजे असं बघा, मी तेव्हा इथं नव्हते, मुलीचं बाळंतपण होतं, तिच्याकडे गेले होते, आणि तुम्हाला घाई होती, भाजी सडेल म्हणून दारात उभे होतात, तेव्हा—

काय? मी नव्हते तर काय बिघडलं? काही नाही. सहज बोलले. मी काय, भाग धुवायचे, चहा टाकायचा, फोन घ्यायचा. मिस्त्री तर आमचे हेच. येतील आता, सील बसवताना लावायची ट्यूब संपली म्हणून दुकानात गेलेत. ती? ती कुठली—हां, ती खिडकीतली. ती आहे होय. भरलेली आहे. दिसलीच का तुम्हाला.

बरं. हळू बोला, एवढंच करा. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला सगळं ऐकायचं असतं. मी पाठवते त्यांना बाहेर. असलं बारीक काम आलं की पाठवते—कधी ट्यूब संपते, कधी बोल्ट कमी पडतात, एकदा तर दुकानात मिळतच नाही अशी वस्तू आणायला पाठवलं, बिचारे तीन दुकानं फिरून आले आणि म्हणाले, नाही मिळाली गं. रागावले नाहीत. एका शब्दानं रागावले नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्यांचा हात थरथरतो, दादा. उजवा. आधी कपबशी वाजायची. मी म्हटलं, काय हो हे, तर म्हणाले थंडी आहे. ऐन उन्हाळ्यात! मी काय बोलणार? म्हटलं, असेल. मग शर्टाची बटणं. मग एक दिवस आरशासमोर दाढी करताना रक्त, आणि म्हणाले, ब्लेड भिकार आहे. डॉक्टर? डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, म्हणाले कमी होईल, जाणार नाही. मुलगी म्हणते लेथ मशीन विकून टाका नि आमच्याकडे या. म्हणायला काय जातं? ह्या माणसानं ट्रकांची इंजिनं आवाजावरून ओळखलीत, त्यांना काय नातवंडाचा पाळणा हलवायला बसवू?

मग मी करायला लागले. शिकवलं कुणी? त्यांनीच. इतकी वर्षं शेजारी उभी राहून बघितलं, तेच शिकणं. बाकी काही अवघड नसतं हो, चरात लेप भरायचा, पुसायचा, पण ही बाही चढवताना हातोडीचा घाव सरळ बसला पाहिजे. जरा तिरका गेला की कड दुमडते, आणि ती दुमडलेली कड नव्या सीलचा ओठ कापून काढते. तुमचं तेच झालंय. ही जुनी, आत्ताच उतरवली—ही कड बघितलीत? नको, हात नका लावू, कापेल.

नाही कसं म्हणणार ते, सांगा ना? तुम्ही दारात, मी गावाला, आणि तुम्ही म्हणालात, मिस्त्री, तुमच्याशिवाय कुणावर भरवसा नाही. असं ऐकल्यावर कुठला माणूस म्हणेल, माझा हात चालत नाही म्हणून? आम्ही नवराबायको एकमेकांनाही बोललो नाही अजून. ते म्हणत नाहीत, मी विचारत नाही. रोज जेवताना समोरासमोर बसतो. मी त्यांचा पेला अर्धाच भरते, ते तो अर्धा पितात.

तुम्ही दुसरीकडे नेतो म्हणालात तरी चालेल, फक्त आत्ता नेऊ नका, ते यायच्या आत मी—सगळी तयारी झालीय, बघा, बाही गळ्याच्या तोंडावर टेकवलीय, फक्त घाव घालायचे राहिलेत—

अगंबाई.

आलात? लवकर आलात! काही नाही, दादा आलेत, तेल पुन्हा जरासं—मालच खराब होता, तेच सांगत होते त्यांना. बरं झालं आलात. तुमच्यासाठीच मांडून ठेवलंय सगळं. ही घ्या. घ्या ना हातोडी. अहो... घेताय ना?

काय?

मी घालू घाव? ह्यांच्यासमोर?

कधीपासून माहीत होतं तुम्हाला? ...पहिल्यापासून. आणि ती तीन दुकानं? तरीही फिरलात?

बरं. बरं, या इकडे. तो दिवा घ्या, जवळ धरा. असा. हलतोय तर हलू द्या, दिसतंय मला. दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा. नाही, काही झालेलं नाही. जा म्हटलं ना बाहेर—आणि दार ओढून घ्या.