सासऱ्याच्या घराची परवानगी

अबे, परवा माह्या इज्जतीचा फालुदा कसा झाला, ते तुमाले सांगतलंच नाई. आमच्या नगर परिषदेत बांधकाम परवानगीचं काम मी पाह्यतो. नवीन साहेबांनी मीटिंग घेऊन कामाचा आढावा घेतला. मी छाती फुगवून म्हटलं, "साहेब, आपल्याकडे एकही अर्ज रखडत नाही."

"बघूया," म्हणत साहेबांनी एका अर्जदाराले फोन लावला अन् स्पीकर चालू केला. पलीकडचा आवाज मी लगेच वळखला. इंझोरी गाव सोडून इथं घर बांधाले आलेले माह्ये सासरे! नातेवाईकाचं काम आंदी केलं असं कोनी म्हणू नये, म्हणून त्यायचा अर्ज मी सगळ्यात खाली ठेवला होता.

"काका, परवानगी वेळेवर मिळाली का?"

"कायची वेळेवर? तिथं माहा जावईच बसते. तो पोरगी मागाले आला, तवा चहा थंडा व्हायच्या आंदी मी हो म्हटलं. अन् यानं मले पुरा उन्हाळा थांबवलं!"

सारी मीटिंग माह्याकडं पाहून राह्यली. साहेबांनी विचारलं, "जावयाचं नाव काय?"

सासरे म्हणाले, "नाव राहू द्या, साहेब. माह्या पोरीले त्याच्याच घरी नांदाचं हाय."